सेनगावच्या बकऱ्या आणि माझा आकडा

हिंगोलीला हवापालटासाठी कुणी जात नाही, आणि मीही गेले नव्हते. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रयोगाचे आकडे मनाने रचले आहेत की काय, हे पाहायला मी गेले होते. असं लिहायला आज संकोच वाटतो. पण प्रवास कशासाठी केला तेच लपवलं तर पुढचं सगळं वर्णन बिनबुडाचं होईल, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझं काम जीवरसायनशास्त्राचं. पुण्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं मी बकरीच्या ॲड्रिनल ग्रंथी कुटत, गाळत आणि घुसळत आले. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेली ही घेवड्याच्या टपोऱ्या दाण्याएवढी ग्रंथी. मी मटणाला हात लावत नाही आणि माझा फ्रीज मात्र बकरीच्या अवयवांनी भरलेला, यावरून घरी माझी यथेच्छ थट्टा होते. या ग्रंथीच्या पेशींत कॅल्शियमच्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांवर इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट नावाचं एक द्रव्य टाकलं की किती कॅल्शियम बाहेर पडतं, ते मी मोजलं होतं. तो आकडा माझ्या नावावर होता. इतरांच्या लेखांत त्याचा उल्लेख येई आणि तो वाचला की माझा दिवस बरा जाई.

रत्नमाला खिल्लारे हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि नोकरी सांभाळून माझ्याकडे पीएच.डी. करत होती. सुट्टी लागली की ती तिकडच्या बकऱ्यांच्या ग्रंथी गोठवून पुण्याला आणायची आणि आमच्या यंत्रांवर मोजायची. तिचे आकडे माझ्या आकड्याच्या कितीतरी वर जात होते. तिचं काम तपासणाऱ्या समितीवरचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे खरे असतील तर बाई, तुमचे खोटे. काय ते ठरवा." तिच्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपत होती आणि आणखी वाढ मिळणार नव्हती. प्रबंधावर माझी सही झाली नाही तर तिची सात वर्षं वाया जाणार होती. २००१ सालच्या जानेवारीत मी तिला कळवलं की मी येते आहे, तू ग्रंथी कशा गोळा करतेस ते मला पाहायचं आहे.

हिंगोली

मनमाडमार्गे पूर्णेपर्यंतचा प्रवास गाळते, त्यात माझ्या पाठीखेरीज कुणालाच काही सांगण्यासारखं नाही. पूर्णेला छोट्या रुळाच्या गाडीत बसले आणि प्रवासाला तोंड फुटलं. समोरच्या बाकावर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी ओंजळभर दाणे न विचारता माझ्या हातात ठेवले आणि मग चौकशी सुरू केली.

"कोनाकडं चालल्या बाई?"

"रत्नमाला खिल्लारे म्हणून आहेत, कॉलेजात शिकवतात."

"आमच्या पोरीला शिकवत्यात की त्या. तुमी त्यांच्या कोन?"

"त्या माझ्या विद्यार्थिनी."

"म्हंजे तुमी मॅडमच्या मॅडम," असं म्हणून त्यांनी आणखी दाणे दिले. पुढचे तीन दिवस मला जिल्ह्यात हेच नाव होतं. पुण्यात माझ्या जिन्यावरच्या शेजाऱ्यांनाही मी काय शिकवते ते ठाऊक नाही, त्यामुळे हे प्रकरण मला मनापासून आवडलं.

रत्नमाला फलाटावर उभी होती. तिने बॅग घेतली आणि चालता चालता शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमी तपासायला येऊन राहिल्या, हे माहीत आहे मला. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कुणीतरी येऊन पाहावं, असं मलाबी वाटत होतं." मी काहीतरी गुळमुळीत बोलले. चोरी तिची पकडायची होती आणि नजर मी चुकवत होते.

हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या आणि इमारती जुन्या होत्या. हळदीचा हंगाम अजून लांब होता, तरी आडतीच्या गल्लीतून रिक्षा गेली तेव्हा गेल्या वर्षीच्या हळदीचा वास कपड्यांना लागलाच. कॉलेजातली तिची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, एक तराजू, एक फ्रीज आणि वीज गेली की लावायचा कंदील. पण वह्या काढल्या आणि मी सावरून बसले. प्रत्येक बकरीला क्रमांक होता. दात किती, गाव कोणतं, चालत आली की गाडीतून, कधी आली, कधी कापली, असं सगळं बारीक अक्षरात लिहिलं होतं. आमच्या पुण्याच्या वहीत एवढंच असतं: ग्रंथी, बारा नग. मला कौतुक वाटलं आणि लगेच असंही वाटलं की रचायचंच असेल तर माणूस इतकंही रचू शकतो. संशय एकदा मनात शिरला की चांगली वहीसुद्धा त्याच्याच बाजूने साक्ष देते.

सेनगावच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जीपने सेनगावकडे निघालो. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक शिलाई मशीन होतं. मला मॅडमच्या मॅडम म्हणून पुढची जागा मिळाली, म्हणजे गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांना विचारून हलत होता. दोन्हीकडे कापूस वेचून झालेली रानं आणि मध्ये मध्ये तुरीचे पट्टे. सोयाबीन केव्हाच निघून गेलं होतं. इतकं मोकळं आकाश पाहायची माझ्या डोळ्यांना सवय नाही, पहिला अर्धा तास मी उगीचच एखादी इमारत शोधत होते.

रत्नमालाचं घर सेनगावच्या अलीकडच्या गावात. तिचे वडील, गंगाधरराव, दारात उभे होते. "जय भीम मॅडम," ते म्हणाले. मी सवयीने नमस्कार म्हटलं, मग थांबून "जय भीम" म्हटलं. ते हसले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते, तीस वर्षं बैलांच्या जखमा बांधून निवृत्त झालेले. ग्रंथी गोठवायची युक्ती त्यांची होती. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, त्याचं ॲल्युमिनियमचं मोठं भांडं प्रत्येक दवाखान्यात असतं. वापरातून काढलेलं असं एक भांडं त्यांनी रीतसर लेखी परवानगीने घेतलं होतं. नायट्रोजनची गाडी आली की ते स्वतः जाऊन भरून आणत. पुण्यात अशा गोठवणीसाठी आम्ही अर्ज करतो, तीन सह्या घेतो आणि मग बर्फावर भागवतो. मी त्या भांड्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या तेव्हा रत्नमाला पहिल्यांदाच खळखळून हसली.

संध्याकाळी जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी आणि ठेचा. सोले म्हणजे हिरवे कोवळे दाणे. ते परतून वाटले की आमटीला जी चव येते ती आमच्या वरणाला सात जन्मांत येणार नाही. रत्नमालाच्या आई फारशा बोलत नव्हत्या, पण माझ्या ताटाकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. तिसरी भाकरी मी नको म्हटली, तर त्यांनी ती मोडून वर आमटी ओतली. विषय संपला.

जेवणानंतर गंगाधरराव म्हणाले, "मॅडम, लेकरू सात वर्षं झाले त्या गोळीत काय पाहून राहिलं, जरा सांगा ना. ती सांगती, पन मला अर्धंच समजतं."

मला शिकवायला कुणी सांगितलं की मी थकवा विसरते. म्हटलं, "जनावराला तहान लागली, अंगातलं पाणी कमी झालं, की रक्तात एक निरोप सुटतो. अँजिओटेन्सिन त्याचं नाव. तो या ग्रंथीच्या पेशीपाशी येतो, पण आत जाऊ शकत नाही. तो बाहेरूनच टेकला की पेशीच्या आवरणाचा एक बारीक तुकडा आत सुटतो. तेच आमचं इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट. ते आतल्या कॅल्शियमच्या पिशव्यांवर जाऊन बसतं आणि त्यांची दारं उघडतं. कॅल्शियम भसकन बाहेर येतं, आणि मग पेशी हार्मोन तयार करून रक्तात सोडते. ते हार्मोन मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धर, पाणी वाया घालवू नकोस."

"म्हंजे तहानेचा निरोप पोचवायचं काम."

"बरोबर तेच."

सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "आन पाणी भेटलंच न्हाई, निरोप येतच राहिला, दिवसभर, तर मग?"

"मग पेशी आपली काही दारं स्वतःच मोडून टाकते. सारखं कॅल्शियम आत उसळत राहिलं तर ती जगणार नाही. दारं कमी झाली की निरोप येऊनही थोडंच कॅल्शियम बाहेर पडतं."

"हुशार हाय," गंगाधरराव म्हणाले. मीही माझ्या उत्तरावर खूश होऊन झोपले. जे बोलले त्याचा अर्थ मला स्वतःला अजून कळलेला नव्हता.

रशीदभाईंचं अंगण

सकाळी आम्ही तिघं भांडं घेऊन सेनगावला रशीदभाईंकडे गेलो. साठीचे, बारीक दाढीचे, बोलण्यात अतिशय मृदू असे हे खाटीक. अंगणात कडुनिंबाखाली सात-आठ बकऱ्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या. मी पुण्यातल्या संशोधकाच्या थाटात छोटी वही काढली आणि सांगितलं की कापल्यापासून गोठवेपर्यंत मी घड्याळ लावून पाहणार. रशीदभाई म्हणाले, "देखो ना मॅडम, बराबर देखो."

त्यांचा हात फार चलाख. काही कळायच्या आत मूत्रपिंडावरची चरबी बाजूला झाली आणि दोन ग्रंथी रत्नमालाच्या चिमट्यात आल्या. नेमकं त्याच क्षणी गंगाधररावांनी भांड्याचं झाकण उघडलं, थंड वाफ वर आली आणि वाकून पाहणाऱ्या माझ्या चष्म्यावर पांढरं धुकं बसलं. मी चष्मा पुसेपर्यंत झाकण बंद झालं होतं. पाचशे किलोमीटर ज्या गोष्टीसाठी आले तेवढीच माझ्या डोळ्यांआडून निघून गेली. रशीदभाईंच्या खांद्यांवरून ते हसत आहेत हे मला पाठीमागूनही दिसलं.

दुसऱ्या बकरीच्या वेळी मी चष्मा काढून दूर उभी राहिले. सगळं चोख होतं. आमच्या प्रयोगशाळेत इतक्या सफाईने कुणी ग्रंथी काढलेली मी पाहिली नव्हती. पण त्याआधी एक गोष्ट घडली. रशीदभाईंनी बकरीला सोडलं, घमेल्यात ताजं पाणी ओतलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. ती मन भरून पाणी प्यायली, तिने तोंड वर केलं, पुन्हा प्यायली. त्यांनी अजिबात घाई केली नाही.

"हे रोजच?" मी विचारलं.

"रोज. गावाहून जनावर चालत येतं, थकतं, डरतं. दोन दिन इथं राहतं, खातं-पितं. मंग. आन सुरीच्या आधी पानी तर पाजायचंच. प्याशा जनावरावर सुरी न्हाई चालवत आमी."

मला सगळं एकदम दिसलं असं म्हणायला आवडलं असतं. मला दिसली फक्त एक कल्पना, आणि तीही अगदी पुस्तकी. आदल्या रात्रीचा गंगाधररावांचा प्रश्न आठवला आणि वाटलं, पाण्याने फरक पडतो का ते आत्ताच तपासून टाकू. मी रशीदभाईंना म्हटलं, एक बकरी उद्यापर्यंत पाण्याविना ठेवा, तिच्या ग्रंथी मला वेगळ्या द्या, लागेल ती किंमत देते.

त्यांनी सुरी धुतली, फडक्याला पुसली. "न्हाई जमनार मॅडम."

"एकच बकरी. संशोधनासाठी आहे."

"तुमचं काम मोठं असंल. पन त्या जनावराला माहीत न्हाई ना, आपल्याला काहून प्यासं ठेवलं ते."

मी चिडले, खोटं कशाला सांगू. 'नाही' ऐकायची सवय मला नाही. त्यांनी आतून चहा आणवला, तोही मी फुरंगटून प्यायले. चहा मात्र उत्तम होता.

तुरीच्या बांधावर

परतताना गंगाधररावांचं दोन एकरांचं रान लागलं. तूर अर्धी काढून झाली होती. त्यांनी उरलेल्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या आणि एका ताटलीत आमच्या दोघींसमोर ठेवून ते बैलाकडे गेले. शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात राहतात. मी अजून घुश्शात होते. रत्नमालाने वही उघडली आणि माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, हे एक पान पाहा."

चार बकऱ्यांची नोंद होती. वारंगा फाट्याहून ट्रकने, दिवसभर उभ्या राहून आलेल्या. लग्नाची घाई. पाणी पाजले, मुक्काम नाही, त्याच दिवशी कापल्या. पुढे आकडे, आणि शेवटी: कारण कळले नाही. ते आकडे तिच्या बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा खाली होते. मला ते ओळखायला क्षणही लागला नाही. तो माझा आकडा होता. वीस वर्षांपूर्वी मोजलेला, माझ्या नावाने छापलेला.

दिवसभर ट्रकमध्ये उभ्या राहिलेल्या, तहानलेल्या बकऱ्या. निरोप येतच राहिला, पेशींनी दारं मोडून टाकली. शेवटी घमेलंभर पाणी मिळालं, पण दारं पुन्हा बांधायला दिवस लागतो.

रत्नमाला खाली पाहत म्हणाली, "पुण्याला आपल्याकडं ग्रंथी येतात, त्या बकऱ्या कशा येतात मॅडम? किती वेळ उभ्या असतात?"

वीस वर्षांत मी एकदाही तिकडे गेले नव्हते. शिपायाला बर्फाचा थर्मास देऊन पाठवायचं, एवढाच माझा त्या जनावरांशी संबंध.

"तुला हे आधीच कळलं होतं," मी म्हटलं.

"व्हय. ते पान लिहिलं तेव्हा न्हाई. मागून कळलं."

"मग प्रबंधात का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं की. दुसऱ्या प्रकरणात. जनावरांना दोन दिवस मुक्काम आणि पाणी दिले होते, म्हणून. तुमी खोडलं."

मला आठवलं. लाल शाईने आडवी रेघ आणि समासात एक शब्द, 'अनावश्यक'. मी विचारलं, मग भांडली का नाहीस माझ्याशी?

"भांडले असते तर पुढचंबी लिहावं लागलं असतं. तुमचा आकडा तहानलेल्या जनावरांचा आहे, असं. ते मी कसं लिहायचं?" तिने एक शेंग सोलायला घेतली. "तुमी शिकवलं मला. वाटलं, डिग्री गेली तर गेली."

मला लाज वाटली. चोर पकडायला आलेली मी, आणि ही मुलगी मला वाचवण्यासाठी स्वतःची सात वर्षं सोडायला बसली होती. तरीही एक कबुली देते. पुढच्या मूठभर शेंगा खाऊन होईपर्यंत मी पळवाट शोधत होते. 'प्रादेशिक फरक' असं लिहून टाकावं, माझा आकडा पुण्याचा, तिचा सेनगावचा, दोन्ही सुखाने नांदतील. निवृत्तीला माझी चारच वर्षं उरली होती. मग मी समोर पाहिलं. ती शेंगा सोलून दाणे माझ्या बाजूला ठेवत होती, स्वतः खात नव्हती. मी तिच्याकडून पेन मागून घेतलं. तिच्या आकड्यांशेजारी माझा आकडा लिहिला, आणि त्यावर मथळा घातला: दीर्घकाळ तहानलेली जनावरं.

"मॅडम, एकदा पुण्यात जाऊन विचार करा," ती म्हणाली.

"पुण्यात गेले तर माझा विचार बदलेल," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

परत

निघताना रत्नमालाच्या आईंनी वाळवलेल्या सोल्यांची पुरचुंडी दिली. रशीदभाई जीपपर्यंत आले होते. मी त्यांना सांगितलं की तुम्ही नाही म्हणालात तेच बरोबर होतं, तहानलेल्या बकऱ्या माझ्याकडे आधीच आहेत, वीस वर्षांच्या. त्यांना ते काही कळलं नाही, पण त्यांनी छातीला हात लावून मान झुकवली.

पुण्याला आल्यावर मी पहिल्यांदा आमच्या ग्रंथी जिथून येतात तिथे गेले. उन्हात उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, आतल्या जनावरांच्या कोरड्या जिभा पाहिल्या. त्याविषयी जास्त लिहीत नाही. तिथल्याच काही बकऱ्या आम्ही दोन दिवस सावलीत, भरपूर पाण्यावर ठेवायला लावल्या. त्यांचे आकडे सेनगावच्या आकड्यांना जाऊन भिडले. प्रबंध मुदतीत गेला.

तोंडी परीक्षेला समितीवरचे ते गृहस्थही आले होते. बाहेरच्या परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून रत्नमालाला विचारलं, "म्हणजे तुमच्या मार्गदर्शकांचं वीस वर्षांचं काम चुकीचं होतं, असं तुम्हाला म्हणायचं आहे?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नाही सर. त्यांनी मोजलं ते बरोबरच मोजलं. ती जनावरं तहानलेली होती, एवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

मार्गदर्शकाने तोंडी परीक्षेत मध्ये बोलायचं नसतं. मी उभी राहिले.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "हिनेच लिहून दिलं होतं, आणि मी ते खोडलं."